आरामच आराम

‘आराम’ हा शब्द कुणी माझ्यासमोर काढला की माझं डोकं तापतं. पाहुणे निघताना “आता आराम करा” म्हणतात, कापड दुकानवाला “आरामात बघा, बाई” म्हणतो, तेवढ्यानंसुद्धा. त्या बिचाऱ्यांना काय माहीत! पण या एका शब्दानं माझं एक वर्ष खाल्लं. लेकीची वेणी खाल्ली. म्हणून सांगायला बसले आहे. आजारपणावर गोड गोड, धीराचं लिहिणारे पुष्कळ आहेत. माझ्याकडून तसलं काही होणार नाही, आधीच सांगते.

आमच्या भागात आराम दोन प्रकारचा असतो. ताप उतरला, कंबर दुखायची थांबली, की “आराम पडला” म्हणायचं. बरं वाटतंय असं कुणी म्हणत नाही, “आराम हाय” म्हणतात. आणि दुसरा आराम म्हणजे कामधाम सोडून लोळत पडणं. कुठला आराम ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघितलं की कळतं. आम्हाला कळतं. बाहेरच्याला नाही.

परतूरला आमच्या घराच्या पुढच्या भागात नवऱ्याचं मोटार बांधायचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक आणून टाकतात, हे त्यातली तार काढून नवी भरतात. मागं आम्ही राहतो. तेव्हा मी, सासू आणि चौथीतली लेक. मधल्या खोलीत माझं शिलाई मशीन. ब्लाउज शिवण्यात माझा हात धरणारी बाई त्या पेठेत नव्हती. हे मीच सांगते, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

लग्नसराईचे दिवस होते. मशीनशेजारी कापडांचा ढीग, प्रत्येकीला आपलंच आधी पाहिजे. एके दिवशी मी सुईत दोरा ओवला आणि पुढं काय करायचं ते सुचेना. कापड हातात, माप लिहिलेलं समोर, आणि मी नुसती बसून. उद्या करू म्हटलं. उद्याही तसंच. मग ढीग वाढत गेला आणि त्याच्याकडं बघवेना, म्हणून मी त्यावर जुनी साडी टाकून दिली.

मला वाईट वाटत नव्हतं. हेच कुणाला पटत नाही. काहीतरी मनाला लागलं असेल, सासूनं छळलं असेल, नवऱ्यानं मारलं असेल, असंच सगळ्यांना वाटतं. अहो, वाईट वाटलं असतं, रडू आलं असतं, तर मी पेढे वाटले असते. काहीच येत नव्हतं. भाजीत मीठ आहे की नाही कळेना. लेक शाळेतून येऊन भडाभडा सांगायची, तिचं तोंड हलताना दिसायचं. उजाडायच्या आधीच डोळा उघडायचा आणि छातीवर सरकीचं पोतं ठेवल्यासारखं व्हायचं. दिवस कलला की ते जरा हलकं व्हायचं, म्हणून वाटायचं की उद्या उठू. सकाळी पोतं पुन्हा जागेवर.

सासू फाटकात बसलेली असायची. ब्लाउज न्यायला बाई आली की ती आत यायच्या आधीच सासू सांगून टाकायची, “आराम करून राह्यली सूनबाई.” तो ‘आराम’ ती असा लांबवायची की बाईनं हसलंच पाहिजे. बाया हसायच्या. मला आत ऐकू यायचं. एकीनं तर साडीखालून स्वतःचं कापड उपसून काढलं आणि माझ्याकडं न बघता निघून गेली. लग्न तोंडावर आणि ब्लाउज नाही, तिचंही काय चुकलं.

“आत्याबाई, मला काही सुचून नाही राह्यलं,” असं मी एकदा सासूला म्हटलं. तेवढं बोलायला मला सकाळपासून बळ गोळा करावं लागलं होतं. ती म्हणाली, “आम्हाला असलं काही व्हायला टाइमच भेटला न्हाई, बाई.” ती खोटं बोलत नव्हती, हे मला आता कळतं. पण तेव्हा ते ऐकून मी पुन्हा आडवी झाले.

इलाज झाला नाही असं नाही. पेठेतल्या डॉक्टरानं रक्त कमी आहे म्हणून सलाईन लावलं. सलाईन लावल्याशिवाय इलाज झाला असं आमच्याकडं कुणी मानतच नाही. नवरा शेजारी बसून बाटलीकडं बघत होता. शेवटचा थेंब पडला तसा म्हणाला, “झालं? ऊठ आता.” मी उठले नाही तेव्हा त्याला खरोखर नवल वाटलं. त्याच्या दुकानात तार भरली, बटण दाबलं, की मोटार फिरते. नाही फिरली तर कुठं चुकलं ते सापडतं. माझ्यात काय चुकलं ते सापडेना, तेव्हा त्यानं ठरवून टाकलं की चुकलेलं काही नाही, हा नुसता माज आहे.

राखीला मी माहेरी गेले नाही, म्हणून हसनाबादहून दादा आला. माझा थोरला भाऊ. मला बघून तो दारातच थांबला. नंतर म्हणाला, “तू अशी कशी दिसून राह्यलीस गं?” मग तो बाहेर जाऊन नवऱ्याशी भांडला. जालन्याला मनाच्या आजाराचा डॉक्टर आहे, त्याला दाखवायचंच, म्हणाला.

“येड्याच्या डॉक्टरला?” नवरा म्हणाला. “गावात समजलं मंग? पोरगी हाय माझ्या घरात.”

“समजू द्या. बहीण मेली तर जास्त समजंल.”

बराच वेळ बाचाबाची झाली. शेवटी नवरा तयार झाला, पण मला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं एक अट घातली. “दाखवतो. पण दिवाळीपर्यंत. तवर उठली तर उठली, न्हाई तर तुमची बहीण तुमच्या घरी. पोरगी इथंच राहील.” सासू म्हणाली, “बराबर हाय.” दादा काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. मी भिंतीकडं तोंड करून पडले होते आणि दिवाळी किती लांब आहे याचा हिशेब करायचा प्रयत्न करत होते. तोही जमेना.

जालन्याचा डॉक्टर तरणा होता, पुण्याकडचा. बोलणं अगदी पुस्तकासारखं स्वच्छ. आमच्याकडची रीत अशी की बाई डॉक्टरकडं जाते आणि नवरा सांगतो. खुर्चीत नवरा, बाजूच्या स्टुलावर मी. डॉक्टर मला विचारी आणि उत्तर खुर्चीतून येई.

“झोप कशी आहे?”

“लई.”

मी पहाटेपासून जागी असते, हे सांगायचं राहूनच गेलं. डोळे मिटून पडलेली बाई झोपलेलीच असणार, नाही का!

तरी तो डॉक्टर वाईट नव्हता. रक्त तपासून घेतलं, थायरॉइड वगैरे ठीक निघालं. मग त्यानं नवऱ्याला समजावलं. याला नैराश्य म्हणतात. हा आजार आहे, आळस नाही आणि नाटकही नाही. तुम्ही रागावून किंवा देवाधर्माची भीती घालून तो जायचा नाही. गोळीनं फरक पडतो, पण लगेच पडत नाही, काही आठवडे जातात. आधी उलट तोंड कोरडं पडेल, मळमळेल, तेवढ्यावरून गोळी सोडायची नाही. बरं वाटलं तरी आपल्या मनानं बंद करायची नाही. आत्ता लहान डोसवर सुरू करतो, आराम नाही पडला तर वाढवू. गरज वाटली तर शेजारच्या खोलीत समुपदेशक बाई बसतात, त्यांच्याशी बोलणं सुरू करू.

नैराश्य! हा शब्द आमच्या घरात पेपरात वाचतात, कुणाला होत नाही. नवरा मान हलवत होता. मोटारीची गॅरंटी ऐकतात तसा.

“इथं आल्यावर हा आराम शब्द शिकलो मी,” डॉक्टर हसून म्हणाला. “पेशंट दुसरं काही बोलतच नाहीत. आराम आहे किंवा आराम नाही. माझंही काम सोपं झालं.”

मेल्या, काय सोपं झालं तुझं काम!

पुढच्या वेळी गेलो तेव्हा मी गोळ्या नेमानं घेत होते. तोंड चपलेच्या तळव्यासारखं कोरडं. बाकी सगळं होतं तिथंच. डॉक्टरनं आमच्याकडं बघून प्रसन्नपणे विचारलं, “काय म्हणताय? आराम?”

नवरा खुर्चीत मागं रेलला. “आरामच आराम हाय, डॉक्टरसाहेब. दिवसभर आराम. आरामाला बिलकुल कमी न्हाई.”

हा टोमणा होता. परतूरातल्या शेंबड्या पोरालाही कळला असता. डॉक्टरचा चेहरा मात्र फुलला. “अरे वा! छान. मग डोस वाढवायचं कारण नाही. हीच गोळी चालू ठेवा.” समुपदेशक बाईंचं नावही निघालं नाही. ज्या बाईला एवढा आराम आहे, तिला कशाला पाठवायचं?

मला ऐकू आलं. कळलंही. हे लोकांना सांगितलं की विचारतात, मग तू का नाही बोललीस? तोंड होतं ना? होतं. पण बोलायचं म्हणजे आधी वाटावं लागतं की बोलून काही होणार आहे. ते वाटणंच त्या आजारात पहिलं जातं. डॉक्टर, नवरा, मी, तिघंही एका खोलीत होतो आणि मला वाटत होतं की हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय, संपलं की घरी जायचं.

बाहेर आल्यावर नवरा खुश होता. “बघितलं? डॉक्टरबी छान म्हणला.” म्हणजे यांना वाटलं, डॉक्टरनं आपल्या टोमण्याला दाद दिली! डॉक्टरला वाटलं, पेशंट सुधारली. दोघं एकमेकांवर खुश. जालन्याहून परतूरला येईस्तोवर पॅसेंजरच्या डब्यात नवरा हाच किस्सा शेजारच्या माणसाला सांगत होता आणि तो माणूस माझ्याकडं बघून हसत होता.

त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. “आराम?” “हाय की, भरपूर.” “उत्तम.” आमची पाळी संपलीसुद्धा. बाहेर बाकावर माणसं ताटकळलेली, डॉक्टरला तरी सवड कुठली. लहान गोळी लहानच राहिली. मी खंगत गेले. दिवाळी जवळ येत गेली. नवरा आता दुकानातून आत आला की माझ्याशी बोलायचा नाही, कॅलेंडरकडं बघायचा.

आता वेणीचं सांगते. माझ्या लेकीचे केस कमरेपर्यंत होते. शाळेत जाताना दोन वेण्या, लाल रिबिनी, हे माझं काम. ते काम मी सगळ्यात शेवटी सोडलं. शिवण सुटलं, स्वयंपाक सुटला, अंघोळ सुटली, तरी तिची वेणी घालत होते. मग एके सकाळी ती माझ्यापुढं पाठ करून बसली, मी कंगवा केसांत घातला आणि हात तिथंच राहिला. ती तशीच वाट बघत बसली. वळून बघितलंही नाही. शेवटी उठली आणि कंगवा केसांत तसाच घेऊन आजीकडं गेली.

सासूला गुंता सोडवायचा कंटाळा. दसऱ्याच्या आधी तिनं लेकीला पुढच्या गल्लीतल्या न्हाव्याकडं नेलं आणि पोरासारखे केस कापून आणले. “आईला आराम पाहिजेल ना, मंग उगं कशाला तिच्या डोक्याला ताप?” असं तिला समजावलं म्हणे. कापलेल्या वेण्या सासूनं घरी आणल्या होत्या, कुणी केस पळवून करणी करू नये म्हणून. त्या सुपलीत पडल्या होत्या, रिबिनीसकट. लेक माझ्यापुढं येऊन उभी राहिली. मान उघडी पडलेली, बारीक. मला तिला जवळ घ्यायचं होतं. हे मला आठवतं की घ्यायचं होतं. घेतलं नाही. होईना.

दिवाळी तोंडावर आली होती तेव्हाची जालन्याची खेप. पुन्हा खुर्ची, पुन्हा स्टूल.

“काय मग? आराम?”

“पह्यल्यापेक्षा जास्त,” नवरा म्हणाला आणि हसला.

डॉक्टरही हसला. “उत्तम. दिवाळी छान जाऊ द्या.” आणि लिहायला लागला.

माझ्या डोळ्यांपुढं ती सुपली आली. का ते माहीत नाही. सुपली, त्यात वेण्या, वर दोन हसणारी तोंडं. आणि मला राग आला. अगं माय, राग आला! कितीतरी महिन्यांनी आत काहीतरी आलं. पायापासून वर चढत आला, कानापर्यंत. मी टेबलावर हात आपटला. डॉक्टरचं पेन घरंगळून खाली पडलं.

“डॉक्टर,” मी म्हटलं. आवाज घोगरा, वापरात नसलेला. “ह्यांचा आराम वेगळा आन् तुमचा आराम वेगळा. हे मला आळशी म्हणून राह्यलेत. तुम्ही ते लिहून घेऊन राह्यलात. मला काडीचा आराम न्हाई.”

नवऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण बघायची ताकद संपली होती. डॉक्टरनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग शांतपणे नवऱ्याला म्हणाला, “तुम्ही जरा बाहेर बसा.”

“बाहेर? मी नवरा हाय तिचा.”

“म्हणूनच. बाहेर बसा.”

पहिल्यांदाच त्यानं मला खुर्चीवर बसायला सांगितलं. मग एकेक विचारलं. कधी जाग येते? खाल्लेलं लागतं का? हातातलं काम किती वेळ धरवतं? मरावंसं वाटतं का? हा प्रश्न त्यानं मीठ आहे का विचारावं तसा साधा विचारला, म्हणून मीही साधं उत्तर दिलं. मी म्हटलं, “मरायचं न्हाई. पण उद्या उजाडू नाही असं रोज वाटतं.” त्यानं मान हलवली. घाबरला नाही, रागावलाही नाही. असं पुष्कळांना वाटतं, म्हणाला, आणि ते विचार वाढले तर कुणाला सांगायचं, कुठं यायचं, ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. डोस वाढवला. शेजारच्या खोलीतल्या बाईंकडं स्वतः घेऊन गेला. निघताना म्हणाला, “माझं चुकलं. मी तुम्हाला विचारायला हवं होतं.” हे तेवढं त्याच्या बाजूचं लिहायला पाहिजे म्हणून लिहिते.

नवऱ्याला त्यानं पुन्हा आत बोलावून सांगितलं की खरा इलाज आजपासून सुरू झालाय असं समजा. अजून काही आठवडे लागतील. घाई करू नका.

नवऱ्यानं एकच विचारलं, “म्हणजे दिवाळीला न्हाई होणार?”

त्यानं शब्द पाळला. तेवढं बाकी मानलं पाहिजे. दिवाळी झाली आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊबीजेचं निमित्त करून मला हसनाबादला सोडलं. गावात सांगायला बरं, सून भाऊबीजेला गेली. माझी पिशवी सासूनंच भरली, गोळ्या आठवणीनं टाकल्या. लेक दारात उभी होती, फुलबाजीची काडी हातात धरून. मी तिला म्हटलं, “येते मी.” ती रडली नाही. “आराम कर,” म्हणाली. कुत्सितपणे नाही, आजीकडून शिकली तसं. नऊ-दहा वर्षांचं लेकरू, तिला तो माझ्या आजाराचा शब्द वाटत होता.

हसनाबादला मी बरी झाले. कशी, ते सांगण्यासारखं फार नाही. गोळी चढली, तेवढ्यासाठी लागतात ते आठवडे गेले. दादा दर वेळी माझ्यासोबत जालन्याच्या एसटीत बसायचा आणि दवाखान्यात मुद्दाम बाहेर थांबायचा. समुपदेशक बाईंनी उपदेश केला नाही. आज एकच काम करायचं, म्हणायच्या, अंगणात खुर्ची नेऊन बसायचं. पुढच्या वेळी, वहिनीबरोबर शेंगा फोडायच्या. आधी मन लागेल मग काम करू असं म्हणून वाट बघायची नाही, आधी हात हलवायचा, मन मागून येतं. मला पटलं नव्हतं. तरी फोडल्या शेंगा. वहिनी बिचारी मी फोडलेल्यातली टरफलं पुन्हा निवडायची, पण बोलली नाही.

एके दिवशी वहिनीनं दिलेला चहा मी घोटभर प्यायले आणि म्हटलं, “काय गं हा चहा! साखर आहे का गुळाचं पोतं?” वहिनी चुलीजवळून उठून थेट दादाला हाका मारत बाहेर पळाली, “अवं, ऐकलं का, भांडून राह्यल्या! वन्सं भांडून राह्यल्या!” आणि पदर डोळ्यांना लावून हसायला लागली. तोंडाला चव आली होती. त्या दिवशी मला रडूही आलं. पेढे मात्र वाटले नाहीत.

लेकीला मी दादाच्या फोनवरून फोन करायचे. फोन सासू उचलायची. “शाळेत गेली,” “खेळायला गेली,” “झोपली.” कधी कधी मागून लेकीचा आवाज ऐकू यायचा, तरी झोपली. एकदा लेक बोलली. तिला विचारलं, केस वाढले का गं? म्हणाली, “आजी वाढू देत न्हाई.” आणि फोन ठेवला गेला.

उन्हाळ्यात नवरा आला. हातात आंब्याची पिशवी. ओसरीवर बसून दादाशी पाण्याबद्दल, विजेबद्दल बोलला आणि मग म्हणाला, “आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. चुलीपुढं जाता येत न्हाई. आता तुला आराम पडला म्हणतेत, तर चल.”

मी गेलेच. काय करता! लेक तिथं होती. दादा म्हणाला नको जाऊस, मी म्हटलं, तुझी लेक असती तर काय केलं असतंस? जायच्या आधी नवऱ्याला मात्र सगळ्यांसमोर सांगितलं, गोळ्या बंद करणार नाही, दवाखान्यात एकटी जाईन, आणि माझ्याबद्दल कुणी आराम हा शब्द काढला तर त्याचं जेवण त्यानं बघावं. आंब्याची पिशवी वहिनीनं आत नेली नव्हती, ती तशीच ओसरीवर राहिली.

परतूरला पोचले तेव्हा लेक फाटकात होती. उंच झाली होती. केस तसेच, मानेवर कापलेले. मी पिशवी खाली ठेवली, हात पुढं केला. ती एक पाऊल मागं सरकली आणि पाहुण्याला विचारतात तसं विचारलं, “किती दिवस हाईस?”

त्या दिवशी मी सासूला भाकरी करून वाढली, डोळ्यांत औषधाचे थेंब घातले, सगळं केलं. माझे हात आता व्यवस्थित चालत होते.

आज त्याला पुष्कळ वर्षं झाली. सासू गेली. नवरा आहे, मोटारी बांधतो. माझ्याशी जपून बोलतो, त्यातलं अर्धं जपणं म्हणजे भीती आहे. मला चालतं. मशीन पुन्हा सुरू आहे. मध्ये एकदा आजार उलटला होता, पण पहाटे जाग यायला लागली तशी मी स्वतः जाऊन सांगितलं, वाढू दिला नाही. अजून एक बारीक गोळी आहे, डॉक्टर म्हणेल तोवर घेईन, त्यात मला लाज नाही. तो डॉक्टर आता पेशंटला आराम विचारत नाही. “भाजीची चव लागते का?” विचारतो, आणि कुणाचाही नवरा मध्येच उत्तर द्यायला लागला की हात वर करून थांबवतो. एवढं एक माझ्यामुळं झालं.

लेक आता संभाजीनगरला कॉलेजात आहे. हुशार आहे, माझ्याशी चांगली वागते. केस तिनं वाढवले नाहीत. मी एकदा म्हटलं, वाढव की, घालून देते वेणी. “कशाला, कापलेलेच बरे,” म्हणाली.

गेल्या सुट्टीत ती आली होती. मी पुरणाचा स्वयंपाक केला, तिला वाढलं, भांडी आवरली आणि दुपारी पंख्याखाली जरा अंग टाकलं. उकाडा होता, पाय दुखत होते, दुसरं काही नाही. डोळा लागत होता तेवढ्यात दारात चाहूल लागली. लेक उभी होती. एक हात चौकटीवर, आत पाऊल न टाकता. किती वेळ उभी होती कोण जाणे. अगदी हळू आवाजात म्हणाली, “आई… आराम?”

मी ताडकन उठून बसले. “न्हाई गं बाई, पाठ टेकली होती जराशी. चहा टाकते.” मी उठून, पदर खोचून, ओट्यापाशी जाऊन गॅस पेटवेपर्यंत ती माझ्याकडं बघत राहिली. मग पिशवीतून पुस्तक काढून माझ्यासमोर, स्वयंपाकघरातच खाली बसली.

तेव्हापासून ती घरी असली की कितीही थकले तरी मी दुपारची आडवी होत नाही.